अल्व्हर्टाच्या शेडमधला पुरुष

टीगच्या बेटावर त्या उन्हाळ्यात एक कुजबूज होती. मिस अल्व्हर्टा टल हिनं म्हणे आपल्या खेकड्यांच्या शेडमध्ये एक पुरुष ठेवला आहे.

तिचं वय तेव्हा अडुसष्ट. पुरुषाचं कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्या बाईला जे पसंत पडेल ते तिनं ठरवून टाकलं होतं. आयडाबेलच्या दुकानात तो साठीचा होता. चर्चच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत पन्नाशीचा झाला आणि लुएला टलच्या पडवीत तर त्याला मिशा फुटल्या. पुरावेही होते. अल्व्हर्टा दुकानातून आठवड्यातले दोन-तीन दिवस एकाऐवजी दोन सँडविचं न्यायची. गावाकडच्या बाजूच्या खिडक्या तिनं मार्चपासून आतून बंद केल्या होत्या. आत ती कोणाशी तरी बोलायची. एकदा एक खोकला ऐकू आला, आणि तो बाईचा नव्हता. शिवाय लुएलानं बायबलवर हात ठेवायची तयारी दाखवून सांगितलं होतं, की अल्व्हर्टा शेजारून गेली की उग्र वास येतो. "अत्तर आहे," लुएला म्हणाली. "पुरुष लावतात तसलं. स्वस्तातलं."

मी पर्नेल. एकेचाळीस वर्षं या बेटावर टपालाची बोट चालवली. सकाळी टपाल घेऊन पलीकडच्या किनाऱ्याला जायचं, दुपारी परत यायचं. टपाल बंद पाकिटातून यायचं आणि बातमी उघडी यायची, त्यामुळे दोन्हींत जास्त लवकर कोण पोचायचं हे सांगायला नको. तेव्हा ही गोष्ट माझ्याकडून ऐकलेली बरी.

अल्व्हर्टा म्हणजे काय चीज होती ते आधी सांगतो. उंचीला बेताची, आवाजाला नाही. पायात नवऱ्याचे रबरी बूट, दोन नंबर मोठे. ती येतेय हे माणसं आवाजावरून ओळखायची आणि जी तिच्याबद्दल नुकतंच काही बोललेली असायची ती मागच्या दारानं निघायची. केक करायची तो दहा थरांचा म्हणून सांगायची आणि निघायचे आठ, मोजलेत तर म्हणायची, "दोन पातळ आहेत, तुझी नजर जाड आहे." नवव्या वर्षापासून ती खेकडे सोलत होती. एकोणिसाव्या वर्षी हार्लन टलशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर पाण्यात खांब रोवून ती शेड उभी केली. धंदा मऊ खेकड्यांचा. कात टाकायला आलेला खेकडा पकडायचा, बाहेरच्या फळीवरच्या हौदात ठेवायचा आणि दर चार तासांनी जाऊन बघायचं. जुनं कवच टाकून तो बाहेर आला की लगेच उचलायचा. उशीर झाला की पुन्हा टणक, म्हणजे मातीमोल. पन्नास वर्षं ती बाई चार तासांपेक्षा जास्त सलग कुठे बसली नाही. लोकांच्या लग्नातूनही उठून जायची. स्वतःच्याही लग्नातून गेली होती, असं हार्लन सांगायचा.

हार्लन गेला आणि तीन वर्षांनी बंदर समितीला जाग आली.

समितीचा अध्यक्ष कॅप्टन नॉरवुड टल. हार्लनचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे अल्व्हर्टाचा दीर आणि त्या अत्तरवाल्या लुएलाचा नवरा. नॉरवुड वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जी थोडी कल्पनाशक्ती लागते तीसुद्धा देवानं त्याला दिली नव्हती. त्याला सरकारी अनुदान मिळालं होतं, पाहुण्यांच्या बोटींसाठी नवा धक्का बांधायला. जागा त्याला हवी होती ती नेमकी अल्व्हर्टाच्या शेडची. फेब्रुवारीत चर्चच्या सभागृहात बैठक झाली. नॉरवुडनं कागद वाचला.

"पाण्याच्या तळाचा करार हार्लनच्या नावावर होता. हार्लन गेला, करार संपला. पंधरा एप्रिलला शेड पाडायची."

अल्व्हर्टा मागच्या बाकावरून उठली. "हार्लन गेला, नॉरवुड. खेकडे नाही गेले. ते अजून कात टाकतायत."

"नियम नियम असतो."

"हौद कुठे मांडू? तुझ्या दिवाणखान्यात?"

"मांडू नकोस आता. वय झालं तुझं. बस निवांत."

सभागृहात जो शांतपणा पसरला तो मी पुढे फक्त दोन चक्रीवादळांच्या आधी अनुभवला. अल्व्हर्टानं डोक्यावरची टोपी नीट केली. "निवांत मी बसेन," ती म्हणाली, "पण शेडमध्ये." आणि बुटांचा आवाज करत निघून गेली. चार तास झाले होते.

समितीनं दुसऱ्या दिवशी शेडच्या खांबांना नारिंगी फिती बांधल्या. पाडायच्या गोष्टीची खूण.

सतरा मार्चला मीनघार, म्हणजे मासे मारणारी घार, परत आली. दर वर्षी त्याच सुमारास येते. दक्षिणेकडून हजारो मैल उडून येते आणि आपल्या जुन्या घरट्यावर असा अधिकार सांगते, की करार कोणाच्या नावावर आहे हे तिला कोणी विचारत नाही. शेडच्या पाण्याकडच्या टोकाला हार्लननं आपल्या पहिल्या बोटीची डोलकाठी उभी केली होती, शेडच्याच खांबांना जखडून. तिच्या डोक्यावर एक जुनी फळी होती. त्या फळीवर गेली सहा वर्षं एक जोडी घरटं करत होती. आधी नर आला, चार दिवसांनी मादी. मादी मोठी, गळ्याशी तपकिरी ठिपक्यांची माळ. नरानं पहिल्याच आठवड्यात काटक्या आणल्या, शेवाळ आणलं, कोणाचा तरी पायमोजा आणला. मग खाली उतरून नॉरवुडच्या नारिंगी फिती एकेक करून ओढून काढल्या आणि घरट्यात विणून टाकल्या.

अल्व्हर्टानं त्याचा फोटो काढला. मऊ खेकड्यांच्या बदल्यात एका उन्हाळी पाहुण्याकडून तिनं लांब नळीचा कॅमेरा घेतला होता, दोन वर्षांपूर्वी. तोवर त्या कॅमेऱ्यानं ती फक्त सूर्यास्त काढायची, तेही तिरके. आता तिला एक गोष्ट कळली. पलीकडच्या किनाऱ्यावर वन्यजीव कचेरी आहे, तिथल्या बाईला तिनं फोन केला. त्या बाईनं सांगितलं, की घरट्यात अंडं पडलं की पिल्लू उडून जाईपर्यंत घरट्याला आणि ते ज्यावर उभं आहे त्याला कोणी हात लावायचा नाही. घरटं रिकामं झालं की संरक्षणही संपलं.

"मला पुरावा लागेल," नॉरवुड म्हणाला. "दर आठवड्याला. नुसतं तुझ्या तोंडावर मी विश्वास ठेवणार नाही."

"माझ्या तोंडावर कोणीच ठेवत नाही," अल्व्हर्टा म्हणाली. "फोटोवर ठेव."

आता डोलकाठीवरच्या घरट्यात काय आहे ते खालून दिसत नाही. तिनं कालवं काढायचा हार्लनचा वीस फुटी चिमटा घेतला, त्याच्या एका दांडक्याला ट्रकचा आरसा बांधला आणि अंडी पडायच्या आत डोलकाठीला घट्ट जखडून टाकला. शेडच्या पाण्याकडच्या खिडकीत बसलं की आरशात घरटं दिसायचं. पक्ष्यांना त्रास नाही, वर चढायला नको. नराला मात्र आरशात दुसरा नर दिसला. दोन दिवस तो त्याच्यावर ओरडत होता आणि चोच आपटत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, की समोरचा आपल्याइतकाच मूर्ख आहे, आणि नाद सोडला. बेटावरच्या पुरुषांना एवढं कळायला साधारण तीस वर्षं लागतात.

त्या नराचं नाव तिनं नॉरवुड ठेवलं.

फोटो छापून आणायचं काम माझ्याकडे. एक दिवसाआड ती कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे द्यायची, मी पलीकडच्या औषधाच्या दुकानातून फोटो छापून आणायचो. ती ते आयडाबेलच्या दुकानात आइस्क्रीमच्या पेटीवरच्या फळ्यावर टाचायची. तारीख, आणि खाली एक ओळ. पहिली ओळ होती: "नॉरवुडनं आज घरट्यात न बसणारी काटकी आणली." दुसरी: "नॉरवुड मासा आणतो, पण डोकं आधी स्वतः खातो." दोन्ही खरं होतं. मीनघारीचा नर तसंच करतो. पण दुकानात लोक गुडघे आपटून हसत होते आणि खरा नॉरवुड तंबाखू घ्यायला आला होता, जी त्यानं पाच वर्षांपूर्वी सोडली होती.

"हे काढ," तो आयडाबेलला म्हणाला.

"तूच पुरावा मागितलास ना कॅप्टन," आयडाबेल म्हणाली. "पाकीट देऊ की सुटी?"

एकवीस एप्रिलला पहिलं अंडं पडलं. सातव्या दिवसापर्यंत तीन झाली. मळकट पांढरी, लालसर तपकिरी डागांची, कोणी चहा सांडल्यासारखी. पंधरा एप्रिलची तारीख नॉरवुडनं एका पावसामुळे पुढे ढकलली होती. त्या पावसाला अल्व्हर्टा नंतर दर रविवारी चर्चमध्ये धन्यवाद द्यायची, जरा मोठ्यानंच.

आता ती सबंध दिवस शेडमध्येच राहू लागली. चार तासांनी हौद, मधल्या वेळात खिडकी. गावाकडच्या खिडक्या बंद का, असं लुएलानं विचारलं तेव्हा म्हणाली, "मागून उजेड आला की पाखरांना माझी सावली दिसते." हे पटण्यासारखं होतं, म्हणून कोणाला पटलं नाही. तेव्हापासूनच ती कुजबूज सुरू झाली.

त्याच सुमारास माझ्या बोटीचं इंजिन कुरकुरायला लागलं. आठवड्यातून दोन-तीनदा मला परतायला उशीर व्हायचा. टपाल येऊन मिळायचं, पण भर दुपारच्या ऐवजी चारला. पोरं मला विचारायची, "कॅप्टन पर्नेल, वल्हवत आलात का?" मी खोकून दाखवायचो. तेवढंच उत्तर त्यांना पुरायचं.

नॉरवुडबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इथल्या पाण्यावरचा माणूस निळा रंग बोटीवर चालू देत नाही. का ते विचारू नका, माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारणाऱ्याला बोटीतून उतरवलं असतं. निळी बोट बांधायची नाही, निळा डबा आणायचा नाही. पण नॉरवुडचं सोवळं सगळ्यांच्या वर. त्याची सून एकदा निळा स्वेटर घालून त्याच्या बोटीत चढली. नोव्हेंबरचा वारा होता. त्यानं तिला स्वेटर धक्क्यावर काढून ठेवायला लावला आणि ती पोर पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत दात वाजवत गेली. अजून ती सासऱ्याला नाताळात निळे रुमाल पाठवते.

मेच्या अखेरीस पिल्लं बाहेर आली. एक एका दिवशी, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं त्यानंतर. म्हणजे पहिलं थोराड आणि तिसरं मुठीएवढं. फळ्यावर ओळ आली: "तिघं. नॉरवुड बाप झाला." लुएला ती वाचून हसली आणि मग नवऱ्याच्या धास्तीनं खोकल्यासारखं केलं.

जूनमध्ये मासे गेले. मेनहेडन म्हणून एक तेलकट चंदेरी मासा असतो, मीनघारीचं सगळं घर त्यावर चालतं. त्या वर्षी तो खाडीत आलाच नाही म्हटलं तरी चालेल. नर सकाळी जायचा आणि दुपारी रिकाम्या पंजांनी यायचा. कधी एखादा छोटा मासा, तोही काटेरी. थोरलं पिल्लू आधी खायचं, मधलं उरलेलं, आणि धाकटं बघायचं. बारा जूनच्या फोटोत धाकटं आडवं पडलं होतं. आई त्याच्या शेजारी उभी.

मी तो फोटो तिच्या हातात दिला तेव्हा म्हटलं, "हा नको लावूस. नॉरवुड मोजतोय."

"मोजू दे."

"दोन राहिले तर..."

"पर्नेल, मी बाकीचे लावले कारण ते खरे होते. हा काय खोटा आहे?"

तिनं लावला. खाली लिहिलं: "दोन उरले."

मधलं पिल्लू मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्यात अडकलं. नरानंच तो गुंता घरट्यात आणला होता, काटकी समजून. पायाला फास बसला आणि जुलैच्या पहिल्या वादळात ते घरट्याबाहेर लोंबकळून गेलं. तो फोटो फळ्यावर लागला तेव्हा दुकानात कोणी हसत नव्हतं. तिनं लिहिलं होतं: "एक. दोरे पाण्यात टाकणाऱ्यांनी आपली नावं स्वतः लिहावीत." खाली पेन्सिल बांधलेली होती. एक दिवस खालची जागा कोरीच राहिली. दुसऱ्या दिवशी डेनार्ड पार्क्स नावाच्या तरुण खेकडेवाल्यानं आपलं नाव लिहिलं. मग आणखी चौघांनी.

त्यानंतरचे तीन दिवस नर आलाच नाही.

उकाडा असा की हौदातलं पाणी कोमट झालेलं. खेकडे मरत होते. आई घरट्याच्या कडेला पंख पसरून उभी होती, उन्हाकडे पाठ, खाली तिच्या सावलीत ते एक पिल्लू चोच उघडी टाकून. ती मासे आणायला जाऊ शकत नव्हती. गेली असती तर पिल्लू उन्हानं भाजलं असतं, नाहीतर टकल्या गरुडानं उचललं असतं. तो समोरच्या खुंटावर बसूनच होता. पिल्लू मेलं असतं तर शेड दुसऱ्या सकाळी गेली असती. समितीनं तीन माणसं ठरवून ठेवली होती, त्यांच्या पहारी धक्क्यावर टेकवून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या.

"एक मासा टाक वर," मी म्हटलं. "बादलीत आहेत तुझ्याकडे. लांब काठीला बांधलास तर वर पोचेल."

अल्व्हर्टा कॅमेऱ्याच्या मागून हलली नाही. "मी टाकला तर ती पाळलेली कोंबडी झाली. नॉरवुड म्हणेल, घरटं अल्व्हर्टानं चालवलं. मग तो कायदा मला लागू नाही."

"त्याला कोण सांगणार?"

"मी सांगेन. मला खोटं बोलता येत नाही, फक्त न बोलता येतं."

"आणि मेलं तर?"

"तर उद्या मी दारात खुर्ची टाकून बसेन आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचलावं." डोळे पुसले तिनं. घाम होता म्हणाली. "बघ ती कशी उभी आहे. तिला सांगायला जा, बाई, वय झालं, बस निवांत."

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, दक्षिणेकडून एक ठिपका दिसला. नीट उडत नव्हता. उजव्या पंखातली दोन मोठी पिसं तुटली होती. पण पंजांत मासा होता, तोंड पुढे करून धरलेला, मनगटाएवढा. डोकं खाल्लेलं नव्हतं. त्यानं तो घरट्यात टाकला आणि डोलकाठीवर मान घालून बसला. आईनं आधी पिल्लाला भरवलं, मग थोडा तुकडा त्याला दिला.

तो फोटो त्या उन्हाळ्यातला सगळ्यात सुंदर. अजून दुकानात आहे. त्याच्याखाली अल्व्हर्टानं काहीच लिहिलं नाही. खरा नॉरवुड तंबाखू घ्यायला आला, फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि तंबाखू न घेताच गेला. आयडाबेल म्हणते त्यानं नाक शिंकरलं. मी ते पाहिलं नाही, त्यामुळे मी फक्त सांगतोय.

पिल्लू एकतीस जुलैला उडालं. आधी घरट्याच्या कडेवर चार दिवस पंख आपटत बसलं होतं, लाल डोळे, पाठीवर पिसांना पिवळट किनार. मग वारा आला आणि ते आपोआपच उचललं गेलं, स्वतःच दचकलं, हौदावरून खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. अल्व्हर्टानं रिकाम्या घरट्याचा फोटो काढला.

बेटावर सगळ्यांची खात्री होती, की आता ती जुनेच फोटो लावून ऑगस्ट ढकलेल. मला तर तिघांनी पैज मारून सांगितलं. मी दोन ऑगस्टला फोटो आणून दिला. तिनं तो फळ्याच्या मध्यभागी टाचला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

"उडालं. आता या."

नॉरवुड आणखी दोन आठवडे थांबला, कायद्यात पिल्लाला घरट्यावर परत येऊन खाण्याची सवलत असते म्हणून. मग आई दक्षिणेला गेली. अठरा ऑगस्टला सकाळी नॉरवुड आला. बरोबर तिघे, डेनार्ड त्यांतला एक. धक्क्याला त्यांच्या बोटी लावलेल्या. बेटावर मोडकं सामान टाकायला जागा नाही. जे काही पाडायचं ते बोटीत भरून पलीकडच्या किनाऱ्यावर न्यावं लागतं, पाण्यात टाकलं तर दंड. अर्ध्या बेटानं त्या दिवशी दुसरं काही काम काढलं नव्हतं. अल्व्हर्टा दारात खुर्ची टाकून बसली होती. त्यांनी ती खुर्ची उचलण्याआधी तीच उठली.

"घ्या," ती म्हणाली. "गावाकडची भिंत आधी. ती जुनी आहे."

डेनार्डनं पहार लावली. फळी कुरकुरत सुटली. त्यानं ती उलटी केली आणि थांबला.

फळी आतून निळी होती. बारीकसारीक निळी नाही. दोन हात दिलेली, चकचकीत, खिळ्यांच्या डोक्यांपर्यंत.

"पुढची काढ," नॉरवुड म्हणाला.

पुढचीही निळी. दुसऱ्या माणसानं आत डोकावून पाहिलं आणि टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी. चारही भिंती, तुळया, छताची खालची बाजू, टेबल, अगदी हार्लनची खुर्चीसुद्धा. पाण्यातल्या खांबांवरही, शेडखालच्या आतल्या बाजूनं, जेवढा हात पोचेल तेवढं.

"भर बोटीत," नॉरवुड डेनार्डला म्हणाला.

डेनार्डनं फळी हळूच खाली ठेवली आणि हात पँटला पुसले. "तुमच्या बोटीत घ्या ना कॅप्टन. माझी मी नुकतीच घेतलीय."

"माझी छोटी आहे."

"माझीसुद्धा," दुसरा म्हणाला. तिसरा काही न बोलता आपल्या बोटीचा दोर सोडायला लागला.

"वरून पांढरा मारा," गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

"पांढऱ्याच्या खाली निळाच असेल की," नॉरवुड म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

तो अल्व्हर्टाकडे वळला. "हे सैतानाचं काम आहे."

"रंगाचं काम आहे. शेड माझी, रंग माझा. कायद्यात निळ्याबद्दल काही नाही, मी वाचलंय."

"तू पाण्यावरच्या माणसाची मुलगी आहेस. तुला लाज वाटत नाही?"

"आकाश निळं आहे, नॉरवुड. त्याच्याखालून रोज जातोस."

"आकाश बोटीत भरत नाही मी."

"मग हेही भरू नकोस."

लुएला गर्दीत हसली. या खेपेला खोकली नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावरून परका तराफा मागवावा लागला असता. त्याचं पत्र आलं सप्टेंबरात, तारीख मिळाली नोव्हेंबरची, आणि अनुदान सप्टेंबरअखेर संपत होतं. नॉरवुडनं धक्का चर्चच्या मागे बांधला. तिथे पाणी जास्त खोल आहे, हे त्याला नंतर कळलं आणि आता तो सांगतो की त्यानं ती जागा विचार करूनच निवडली होती. दोन फळ्या डेनार्डनं स्वतःच परत ठोकून दिल्या, निळी बाजू आत. पुढच्या सतरा मार्चला नर परत आला. पिसं नवी होती. आल्या आल्या त्यानं आरशावर चोच मारली. जुनी ओळख.

अल्व्हर्टा आता एकोणऐंशीची आहे. हौद तसेच आहेत, दर चार तासांनी ती तशीच उठते. फळ्यावर दर वर्षी फोटो येतात आणि नराचं नाव बदललेलं नाही. खरा नॉरवुड दर आठवड्याला बघायला येतो आणि पुष्कळदा म्हणतो, "मी यंदा बरा दिसतोय." एवढं सगळं झालं, पण त्या उन्हाळ्यातल्या पुरुषाचं काय झालं हे लुएला अजून विचारते. तिनं ठरवलंय की तो पलीकडच्या किनाऱ्यावर राहतो आणि दर वर्षी मार्चमध्ये येतो. मी तिला एवढी वर्षं काही सांगितलं नाही. आता बोट चालवत नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

शेडमध्ये पुरुष होता. तो मी. बोटीचं इंजिन त्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. मी बोट शेडच्या पाण्याकडच्या बाजूला बांधायचो आणि आत जाऊन भिंती रंगवायचो. निळ्या रंगाचे अकरा डबे टपालाच्या पोत्यांखालून माझ्याच बोटीतून आले. वास टर्पेंटाइनचा होता. दुसरं सँडविच माझं होतं.